कडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी दोन मांजरे आहेत हे मला ठाऊक होते. तिच्या घरी एक सापही आहे, हे तिने मला सांगितले ते विमानाचे तिकीट काढून झाल्यावर.

"अगं ताई, अगदी गरीब आहे तो. पेटीत असतो. आणि पेटीला कुलूप आहे," ती फोनवर म्हणाली. कुलूप सापासाठी की माझ्यासाठी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. बहीण इंग्लंडात असते, लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाच्या गावी. या गावाचे नाव इंग्रजीत लिहिले की त्याचा अर्थ 'वाचन' होतो आणि उच्चारले की होते रेडिंग. आपल्या मुलांच्या शुद्धलेखनाला आपण उगीच हसतो, असे मला तिथल्या स्टेशनावरची पाटी पाहून वाटले. बहिणीच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली होती. घरात माणसे तीन: ती, तिचे यजमान आणि बारा वर्षांचा मुलगा. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. आमसुले, कुळथाचे पीठ, आणि बहिणीने मुद्दाम सांगितलेली आंबेमोहोराची मोदकाची पिठी दोन किलो, एवढे सामान घेऊन मी निघाले. त्या पिठीचे पुढे काय होणार आहे हे तेव्हा कळते, तर मी चार किलो नेली असती.

सापाविषयी माझे ज्ञान बेताचे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सापांविषयीचे त्याहून कमी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाहीत. बाकीचे सगळे 'जनावर'. आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतले की तो येतो. बहिणीच्या घरी मात्र त्या जनावराला चक्क नाव होते, आणि तेही मराठी. भाच्याने त्याचे नाव ठेवले होते 'मका'.

त्याची हकीकत अशी. अमेरिकेच्या आग्नेय भागात एक बिनविषारी साप आढळतो. इंग्रजीत त्याला 'कॉर्न स्नेक' म्हणतात. हे नाव का पडले याची दोन कारणे सांगतात. एक असे की, त्याच्या पोटावर काळ्यापांढऱ्या चौकड्या असतात आणि त्या रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारख्या दिसतात. दुसरे असे की, शेतकऱ्यांच्या मक्याच्या कोठारांत उंदीर खायला तो येऊन राहत असे. भाच्याने आईला विचारले, कॉर्नला मराठीत काय म्हणतात? तेव्हापासून तो मका झाला. आमच्या घरातले मराठी परदेशात कोणकोणत्या रूपाने टिकून आहे ते पाहा!

पहिल्या दिवशी चहा होतो न होतो तोच भाचा मला त्याच्या खोलीकडे घेऊन गेला. दारात थांबला आणि म्हणाला, "मावशी, आधी नियम."

मी शिक्षिका आहे. वीस वर्षे मी मुलांना नियम सांगत आले आहे. उभे राहून ऐकायची माझी ही पहिलीच वेळ. खोलीचे दार सदा बंद. दार उघडण्याआधी मागे मांजर आहे का ते पाहायचे. आत गेल्यावर दार लावून कडी घालायची, नुसते लोटायचे नाही. कारण दामू नावाचा जो काळा बोका होता, तो दाराच्या मुठीवर उडी मारून लोंबकळतो आणि दार उघडतो. साय नावाची पांढरी मांजरी तेवढी हुशार नाही, पण दामूने उघडलेल्या दारातून ती आत येते. पेटीच्या दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे बोटाएवढे एक कुलूप अडकवायचे आणि किल्ली खिळ्याला टांगायची. साप काच ढकलत नाही असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो रात्रभर नाकाने फट शोधत असतो, आणि त्याचे डोके जाईल एवढी फट मिळाली की बाकीचे अंग जातेच.

"म्हणून दाखव," भाचा म्हणाला. मी म्हणून दाखवले. एक चूक झाली. त्याने पुन्हा म्हणायला लावले.

मग त्याने मका दाखवला. केशरी अंग, पाठीवर काळ्या कडांचे लालसर ठिपके, चार फूट लांब आणि जाडीला माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा अधिक. तो झाडाच्या सालीखालून अर्धा बाहेर आला, जीभ लवलवली आणि परत आत गेला. मी दारापाशीच उभी होते.

"हा मांजराला खाईल का रे?" मी विचारले.

भाच्याने माझ्याकडे जरा करुणेने पाहिले. सगळी माणसे हाच प्रश्न विचारतात म्हणे. मक्याला आठ-दहा दिवसांनी एक उंदीर लागतो, तोही दुकानातून गोठवून आणलेला, कोमट पाण्यात ठेवून ऊन केलेला. मोठ्या अजगराची गोष्ट वेगळी, त्याच्यापुढे मांजर सोडणे म्हणजे त्याला जेवायला बोलावणेच. मक्याच्या घरात मात्र भय उलट्या बाजूचे असते. मांजराच्या तोंडात आणि नखांत जे जंतू असतात ते सापाला सोसत नाहीत. वरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत पू होतो. नख लागायचीही गरज नसते. मांजर काचेला नाक लावून तासन् तास बसले तरी साप दडून राहतो, खाणे सोडतो. म्हणून पेटीत दडायला दोन जागा होत्या, एक उबेच्या टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर कागद चिकटवला होता. उबेचे टोक अठ्ठावीस ते तीस अंश, थंड टोक बावीसच्या आसपास. ही उष्णता राखणारे एक यंत्र भिंतीला होते आणि भाचा रोज सकाळी दात घासण्याआधी त्यावरचा आकडा वहीत लिहीत असे.

आधी मक्याची पेटी काचेची होती आणि वर जाळीचे झाकण होते. थंडीत दामूला शोध लागला की घरातली सर्वांत उबदार जागा ती जाळी आहे. तो तीवर झोपू लागला. एके दिवशी जाळी मधोमध खचली. भाच्याने ती वेळेवर पाहिली, आणि त्याच आठवड्यात वडिलांकडून लाकडी पेटी आणवली. मुलाने स्वतः जाऊन आणायची सोय नाही. तिथे २००६ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. मक्यासारख्या सापाला परवाना लागत नाही, विषारी सापाला लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप धरणे, पाळणे हा गुन्हाच आहे, आणि मला विचाराल तर तो कायदा योग्य आहे. आपला साप आपल्या गडग्यातच शोभतो.

"किती वर्षे जगतो हा?" मी विचारले.

"पंधरा. वीससुद्धा. मी मोठा होईन तेव्हा पण असेल," भाचा म्हणाला, आणि हात धुवायला गेला. सापाला हात लावण्याआधी धुवायचे, कारण बोटांना उंदराचा वास असला तर साप बोटालाच उंदीर समजतो. आणि नंतर धुवायचे ते आपल्या पोटासाठी. सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. माझे हात कोरडेच राहिले. मी कशाला हात लावला नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. विमानप्रवासाने वेळ बदलते म्हणतात, तसेही असेल. पण मला आठवत होती कणगी.

आमच्या कोकणातल्या घरी पडवीच्या टोकाला भाताची कणगी होती. बांबूच्या पट्ट्यांची, शेणाने सारवलेली, माझ्या दुप्पट उंच. तिच्या मागे भिंतीत एक भगदाड होते आणि त्यात एक धामण राहत असे. नेहमी दिसायची नाही. कधी दुपारी सगळे निजले की कणगीच्या आडून एक लांब, पिवळसर तपकिरी अंग वाहत जायचे, ते किती वेळ चालले आहे असे वाटायचे. आजी तिला पाहून हात जोडी आणि म्हणे, "राहू दे तिला. घरची आहे ती." गड्यांना ते पटत नसे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे ते सांगत. साप दूध पीत नाही. पण नागपंचमीला पाटावर काढलेल्या नागापुढे आम्हीही दूधलाह्या ठेवीतच होतो, तेव्हा गड्यांना काय म्हणावे?

त्याच पडवीत मनी नावाची आमची मांजरी असे. मनीला घरात ठेवली होती उंदरांसाठी, आणि धामणही राहिली होती उंदरांसाठी. धंदा एकच, कोठार एकच. त्या दोघींनी आपापसांत काय ठरवले होते कोण जाणे, पण मनी रात्री फिरे आणि धामण दिवसा, आणि वर्षानुवर्षे त्यांची गाठ पडल्याचे कुणी पाहिले नाही.

गाठ पडली ती १९८८ च्या चैत्रात. मी आठ वर्षांची होते. दुपारची वेळ, मी पडवीत चिंचोके मोजीत होते. मनीला तेव्हा पिले होती, तिने ती कणगीच्या बाजूला पोत्यांत आणून ठेवली होती. धामण बाहेर आली आणि मनी तिच्या आडवी झाली. धामणीने अंगाचा पुढचा भाग उचलला, मान चपटी केली आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढला. मनीची पाठ कमानीसारखी झाली. मला वाटले, मनी मरणार. आणि मी ओरडले, "नाग! नाग!"

तो नाग नव्हता हे मला ठाऊक होते. ती धामण होती, आमची होती, रोजची होती. पण "धामण" म्हणून ओरडले तर कुणी धावत येणार नाही, हेही आठ वर्षांच्या मला ठाऊक होते. गडी धावले. शेजारचे दोघे आले. काठ्या किती पडल्या ते मी पाहिले नाही; मी मनीला पोटाशी धरून माजघरात पळाले होते. बाहेर आले तेव्हा एकजण म्हणत होता, "अरे, हा नाग कुठला? हे तर आपले किरडू." आजी खाली बसली होती. तिने त्या लांब अंगावर एक तुळशीपत्र ठेवले आणि मला विचारले, "तुला नाग वाटला का गं बाळ?"

मी मान हलवून हो म्हटले.

त्या पावसाळ्यात उंदरांनी कणगीचा तळ कुरतडला. मनी एकटी पुरी पडेना. श्रावणात आजीने कणगी रिकामी करायला लावली तेव्हा खालचे हातभर भात नुसते फोल निघाले. आजीने माझ्याकडे पाहिले नाही. १९९६ साली ती गेली, तोवर मी तिला खरे सांगितले नव्हते.

बहिणीला सोमवारी रुग्णालयात नेले. भाच्याच्या शाळेची सहल त्याच आठवड्यात होती, सोमवार ते शुक्रवार. आईची शस्त्रक्रिया असताना जावे की नाही यावर घरात बरेच बोलणे झाले; बहिणीनेच त्याला जायला लावले. जाताना त्याने किल्लीचा खिळा मला पुन्हा दाखवला. "मक्याला या आठवड्यात जेवण नाही, ते झालं आहे. फक्त पाणी बदल रोज. तुला हात लावायला नको वाटतं ना? वाटी काचेच्या जवळच ठेवली आहे, बोटांनी ओढून घे." मुलगा दारातून गेला आणि मला एकदम वाटले की बारा वर्षांच्या त्या पोराने माझी भीती माझ्याआधी मोजून ठेवली होती.

मंगळवारी संध्याकाळी मी पाणी बदलत होते. नऊ वाजले होते आणि बाहेर अजून उजेड होता; त्या देशात उन्हाळ्यात रात्र होता होत नाही. कुलूप काढून टेबलावर ठेवले होते, वाटी परत आत सरकवली होती, आणि खाली फोन वाजला. रुग्णालयातून मेहुण्यांचा असणार. मी काच सरकवली आणि जिन्यावरून धावले. शस्त्रक्रिया नीट झाली होती. बहीण शुद्धीवर येऊन माझ्याविषयी विचारीत होती. मी खालीच देवापुढे बसले, थोडी रडले, आणि तशीच झोपायला गेले.

सकाळी भाच्याच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. पेटीची काच चार बोटे सरकलेली होती. कुलूप टेबलावर होते, मी ठेवले होते तिथेच.

पेटीतल्या साली उचलून पाहिल्या. त्या दिवशी प्रथम मी तीत हात घातला, आणि आत काहीच नव्हते. मग मी दोन्ही मांजरांना शोधायला धावले. साय कोचावर झोपली होती. दामू स्वयंपाकघरात फ्रिजसमोर बसला होता, शेपूट पायांभोवती गुंडाळून, एकटक. त्याला उचलले तर तो माझ्या हातांतूनही तिकडेच पाहत राहिला. साप हरवलेल्या घरात मांजर कुठे टक लावते ते आधी पाहावे, हे मला कुणी सांगितले नव्हते. त्या क्षणी आपोआप कळले. दोघांना मी वरच्या खोलीत कोंडले, खाणे-पाणी आणि त्यांची मातीची परात देऊन. दामू मुठीला लोंबकळतो हे आठवले म्हणून दाराबाहेर एक जड बॅगही लावली.

मेहुणे दुपारी आले. ते रागावले नाहीत, याचे मला अधिकच वाईट वाटले. हरवलेला साप फार लांब जात नाही, ऊब शोधतो, भिंतीकडेने चालतो आणि रात्री हिंडतो, एवढे त्यांनी सांगितले. आम्ही जोडे झटकले, पडद्यांच्या चुण्या पाहिल्या, कोचाच्या पोटात विजेरी घातली. फ्रिज पुढे ओढला. मागे नळ जिथून भिंतीत जातो तिथे मूठभर भगदाड होते आणि त्यातून ऊन हवा येत होती. आत काही दिसेना. मेहुण्यांना परत रुग्णालयात जायचे होते.

त्या रात्री मी मोदकाची पिठी काढली. प्रत्येक उंबऱ्याशी आणि भिंतींच्या कडेने चाळणीने तिचे पातळ पट्टे पसरले. आंबेमोहोराचा वास घरभर झाला. चाळणी हलवताना हात सवयीने रांगोळीसारखा वळत होता. गुरुवारी पहाटे पाहिले तर स्वयंपाकघरातल्या पट्ट्यावर, फ्रिजपासून ओट्याच्या खालपर्यंत आणि परत, एक नागमोडी रेघ उमटली होती. बारीक, स्वच्छ, जणू कुणी करंगळीने ओढली. मी त्या रेघेपाशी फरशीवर बसले. तो जिवंत होता.

गुरुवारी रात्री मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. दिवे मालवले, मांडीवर विजेरी आणि अंगावर शाल. दोनच्या सुमारास डोळा लागला असावा. जाग आली ती कसल्याशा बारीक कटकट आवाजाने. विजेरी लावली. मका फ्रिजच्या पुढे फरशीवर होता, पिठाच्या पट्ट्यावर, अंगाचा पुढचा भाग उचलून मान मागे वळवलेली. भ्यालेला मका शेपटीचे टोक थरथरवतो, आणि ते फरशीवर आपटत होते. त्याच्यापुढे दामू. बॅग कशी सरली, मूठ कशी उघडली, देव जाणे. दामूचा पंजा एकदा उठला आणि पडला.

माझ्या घशाशी ओरडणे आले. अगदी ओठांपर्यंत आले. मी ते गिळले. अंगावरची शाल दामूवर टाकली, गाठोडे करून त्याला उचलले, बाहेर ठेवले, दार लावले आणि कडी घातली. मग वळले. घरात दुसरे कुणी नव्हते. मला वाटते मी मक्याला म्हटले, "थांब हं बाळ." त्याला ऐकू जाते की नाही मला ठाऊक नाही. खाली वाकून मी त्याला दोन्ही हातांनी उचलले.

सापाचे अंग ओलसर, चिकट असते असे मी चव्वेचाळीस वर्षे मानीत आले होते. ते कोरडे होते, गुळगुळीत, जुन्या रेशमी खणासारखे. त्याने माझ्या मनगटाला विळखा घातला आणि धरून ठेवले. त्याच्या अंगाला पीठ लागले होते, माझ्या हातांना पीठ लागले होते, आणि त्या पांढऱ्यावर रक्ताचा एक ठिपका होता. मानेखाली वीतभर अंतरावर दोन टाचणीएवढी भोके.

सकाळी मेहुण्यांनी सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, जखम लहान आहे, पण मांजराची आहे. थांबायला नको होते आणि तुम्ही थांबला नाहीत. त्यांनी जखम धुतली, एक इंजेक्शन दिले, पुढे दर तीन दिवसांनी द्यायची सांगितली. पेटीतली साल काढून नुसता कागद अंथरायचा, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत. पंधरा दिवस त्याला हाताळायचे नाही.

भाचा चार वाजता येणार होता. मी दोन वाजल्यापासून खिडकीत बसले होते. कादंबरीकाराला खोटे सुचायला वेळ लागत नाही. हे आमच्या धंद्याचे वैगुण्य आहे. पेटीतल्या दगडाला घासून लागले, असे सांगता येईल. जखम एवढीशी आहे, डॉक्टरांनी साफ केल्यावर नखाची म्हणून ओळखूही येत नाही. मेहुण्यांनाही मी विनंती करू शकले असते. ते भले माणूस, आणि पोराची आई रुग्णालयात. तिसरी आणि सर्वांत चांगली गोष्ट अशी होती की दामूने दार उघडले. ती खरीही होती, निम्मी.

तो आला, पाठीवरची पिशवी न काढता वर गेला, आणि तसाच खाली आला. "साल कुठे गेली? कागद का आहे?"

मी त्याला सगळे सांगितले. फोन वाजला इथपासून. कुलूप टेबलावर ठेवले ते मी, काच नुसती लोटली ती मी, दाराची कडी घातली नाही ती मी. तो उभा राहून ऐकत होता. त्याचे ओठ घट्ट झाले होते आणि डोळे भरत होते, पण तो मध्ये बोलला नाही. मी थांबले, आणि का कोण जाणे, पुढचेही सांगितले. कणगी, मनी, धामण, आणि मी कोणता शब्द ओरडले तो.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू पणजीला सांगितलंस?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्याने नाक पुसले. "दामूला रागावलीस का तू?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "त्याचा नाही ना दोष." आणि वर गेला. मी कान देऊन ऐकले. दार लागले, कडी पडली. चार दिवस तो माझ्याशी तुटक बोलत होता, आणि तेवढा त्याचा हक्क होता. पाचव्या दिवशी इंजेक्शनाला जाताना त्याने पिशवी माझ्या मांडीवर दिली. "तू धर. तुला आता येतं."

मी परत आले तेव्हा मका बरा होत होता. ऑगस्टमध्ये त्याने कात टाकली. कात टाकण्याआधी सापाचे डोळे निळसर, दुधासारखे होतात, ते भाच्याने मला फोनवर दाखवले होते. मग एके दिवशी त्याने अखंड कातच पडद्यापुढे धरली, दिव्यासमोर. मानेखाली वीतभर अंतरावर खवल्यांची नक्षी दोन जागी विस्कटलेली होती. "दिसतं का, मावशी?" त्याने विचारले. मला दिसत होते.

आमच्या घरी आता कणगी नाही. भात लावणारे कुणी उरले नाही, तांदूळ बाजारातून येतो आणि पत्र्याच्या डब्यात राहतो. पण उंदीर आहेत, म्हणून मांजर आहे. ही कितवी मनी ते मी मोजलेले नाही. यंदा, २०२५ च्या श्रावणात, सकाळी मी पडवीत वह्या तपासत होते. मनी एकाएकी ताठ झाली आणि अंगणाच्या टोकाला टक लावून पाहू लागली. गडग्याच्या चिऱ्यांवरून एक लांब, पिवळसर तपकिरी अंग वाहत होते. किती वेळ चालले आहे असे वाटत होते. शेजारचा मुलगा वाटेवरून जात होता, तोही थांबला.

"मावशी, नाग?" त्याने दबक्या आवाजात विचारले.

"धामण आहे," मी म्हटले. मनीला उचलून आत नेले, दार लावले आणि कडी घातली.